दादांचं पारणं

"अजून थोडं मागं... डावीकडं घ्या... बास, बास!"

माझा नवरा सुकुमार हातवारे करत ओरडत होता आणि थोरले दीर ट्रॅक्टर मागं घेत होते. जूनचा पहिला आठवडा होता. मळ्यातल्या खालच्या तुकड्यात सोयाबीन टोकायचं होतं आणि रानातली ढेकळं अजून तशीच होती. शेडच्या पुढं रोटर उभा करून ठेवलेला. रोटर म्हणजे ट्रॅक्टरच्या मागं जोडायचा, फिरत्या पात्यांचा रोटाव्हेटर. एका फेरीत माती रव्यासारखी करून टाकतो. आमच्या घरात तो आदल्या साली आला, कुणाचा तरी वापरलेला. वारणाकाठच्या आमच्या गावात तेव्हा असे रोटर फार नव्हते, म्हणून दादांना त्याचं भारी कौतुक.

थोरल्या दिरांचं नाव भूपाल. पण घरात लहानमोठे सगळे त्यांना दादाच म्हणायचे. मामंजी अकाली गेले, तेव्हापासून घर त्यांनी ओढलं. सुकुमारला शिकवलं, त्याचं लग्न लावलं. मला बघायलाही आधी तेच आले होते. त्यांच्या शब्दाबाहेर घरात कुणी नव्हतं, आणि त्याचा कुणाला जाचही वाटत नव्हता.

मी चहाची किटली घेऊन गेले तेव्हा जोडणी संपत आली होती. खालचे दोन्ही दांडे बसले होते, वरचा बसला होता, आणि मधला शाफ्टही सुकुमारनं ठोकून ठोकून चढवला होता. ट्रॅक्टरची ताकद रोटरकडं नेणारा तो दांडा ग्रीसनं काळा झालेला. ट्रॅक्टर सुरूच होता. त्याच्या आवाजात बोललेलं नीट ऐकू येत नव्हतं.

"पाणी पण आण गं जरा," सुकुमार मला म्हणाला, मग स्वतःच म्हणाला, "ऱ्हाऊ दे, मीच आणतो," आणि शेडमधल्या माठाकडं वळला.

दादा सीटवर बसून मागं वळून बघत होते. म्हणाले, "राजमती, ती हातोडी बघ रोटरवरच ऱ्हायली. काढ गं तेवढी."

मी किटली खाली ठेवली. कप किटलीला लावून नीट ठेवले, ते कलंडू नयेत म्हणून. मग पुढं वाकून हातोडीला हात घातला. दादा तोवर पुढं वळले होते. जोडणी नीट बसलीय का बघावं म्हणून त्यांनी सीटजवळचा, रोटर चालू करायचा दांडा ओढला.

त्यानंतरचं मला जे आठवतं ते फार थोडं आहे. पदराला हिसका बसला. कुणीतरी मागनं ओढल्यासारखं वाटलं आणि मला राग आला, की हे काय चेष्टा करायचं ठिकाण आहे का. मग उजवा हात माझा राहिला नाही. सुकुमारच्या हातातला तांब्या पडल्याचा आवाज मात्र ऐकू आला.

मिरजेला दवाखान्यात शुद्धीवर आले तेव्हा उजवा हात कोपराखाली नव्हता. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हेच खूप. गळ्याभोवती पदराचा काळानिळा वळ उमटला होता, तो बघून मलाही ते पटलं.

माझे वडील दुसऱ्या दिवशी आले. त्यांचं नाव तवनाप्पा, आम्ही आप्पा म्हणायचो. शिरोळकडं त्यांची थोडी शेती आणि गावच्या जैन बस्तीत, म्हणजे मंदिरात, रोजची पूजा. आयुष्यात कुणाशी मोठ्या आवाजात न बोललेला माणूस. ते आत आले, माझ्या कपाळावरून हात फिरवला, आणि काही न बोलता बाहेर गेले. दार अर्धं उघडं होतं. मला कॉटवरून दिसत होतं. बाहेर दादा आणि सुकुमार उभे होते, आणि आप्पा दादांच्या पुढं हात जोडून उभे राहिले.

"पोरीचं चुकलं, भूपालराव," आप्पा म्हणाले. "लहानपणापासनं वेंधळी हाय. मशिनीपाशी पदर सावरायला नको? तुमच्या घराला घोर लावला तिनं. पण पदरात घ्या. तिला अंतर देऊ नका."

दादांची मान खाली होती. "असं बोलू नका," एवढंच ते म्हणाले. सुकुमार खिडकीतून बाहेर बघत होता.

माझ्या वडिलांनी माझ्यापायी कुणापुढं तरी हात जोडलेले मी पहिल्यांदा बघितले. हात गेल्याचं रडू मला तोवर आलं नव्हतं. त्या वेळी आलं.

घरी आले आणि एका हाताचं आयुष्य सुरू झालं. माझी लेक तेव्हा नुकती पावलं टाकत होती. ती "घे" म्हणून दोन्ही हात वर करायची आणि मी खाली बसून एका हातानं तिला छातीशी धरायची. भाकरी थापता येत नव्हती. वेणी घालता येत नव्हती. माझ्या वाटणीचं सगळं काम विमलवहिनींवर, म्हणजे माझ्या थोरल्या जावेवर पडलं. त्यांनी कधी तोंड वाकडं केलं नाही, पण रात्री त्या कंबरेला शेक घ्यायच्या ते मला दिसायचं. सासूबाईंना आम्ही आत्ती म्हणायचो. त्या माझ्या केसांना तेल लावून वेणी घालून द्यायच्या आणि घालता घालता म्हणायच्या, "पदर खोचून घ्यायला कितीसा वेळ लागतो गं? एवढंसं भान ऱ्हायलं नाही बघ."

त्यांच्या बोलण्यात विखार नव्हता, हळहळ होती. गावातल्या बायका भेटायला यायच्या, त्याही तेच म्हणायच्या. पुढं पुढं तर त्यांनी विचारायच्या आत मीच सांगून मोकळी व्हायची, "माझंच चुकलं. पदर सुटा होता." ऐकणारीला बरं वाटायचं. तिच्या मनातलं मीच बोलल्यामुळं तिला ते बोलायची वेळ यायची नाही.

दादांचं मात्र निराळंच झालं. त्या दिवसापासून ते माझ्याकडं बघत नव्हते. मी सोप्यात आले की उठून जायचे. आधी त्यांनी गोड सोडलं. मग दूध सोडलं. मग एकभुक्त राहायला लागले. आत्ती रडल्या, विमलवहिनींनी विनवण्या केल्या, पण ते काही बोलायचे नाहीत. गावात मात्र बोललं जाऊ लागलं, की धाकट्या भावजयीचं दुःख एवढं मनाला लावून घेणारा दीर कुठं बघायला मिळतो? आणि ते ऐकून माझा जीव आणखी लहान व्हायचा. एका सुट्या पदरापायी मी या घराची काय दशा करून ठेवली, असं वाटायचं.

एकदा ते विहिरीवर एकटे होते. मी धीर करून गेले.

"दादा, माझ्यामुळं असं हाल करून घेऊ नका. चूक माझी होती. तुम्ही कशाला..."

ते वळले. त्यांचा चेहरा असा झाला, की जणू मी चूक कबूल केली नसून त्यांना मारायला हात उगारलाय.

"नको बोलूस," ते म्हणाले. "माझ्याशी असलं काही बोलू नकोस, राजमती." आणि ओल्या धोतरानंच निघून गेले.

मला वाटलं, माफीसुद्धा नको आहे त्यांना माझी. इतकी मी वाईट.

पर्युषणाच्या आदल्या दिवशी शेजारच्या कलगोंडा पाटलांनी नवा कोरा रोटर आणला. त्यांची बायको त्रिशला माझ्या बरोबरीची. पूजेला म्हणून बोलवायला आली. मला जायचं नव्हतं. त्या लोखंडाचा वाससुद्धा सोसत नव्हता. पण ती हाताला धरूनच घेऊन गेली. "तू आली नाहीस तर मी नारळ फोडायची नाही," म्हणाली.

हळदीकुंकू झालं, नारळ फुटला. मग दुकानाकडनं आलेल्या माणसानं जोडणी दाखवायला घेतली. कलगोंडाचे दोन्ही भाऊ ऐकत उभे राहिले आणि आम्ही बायका पेढे हातात घेऊन मागं.

"आधी सपाट जागा बघायची," तो माणूस सांगत होता. "ट्रॅक्टर लावला की बंद करायचा. चावी काढून खिशात. सुरू ट्रॅक्टरच्या मागं जाऊन कुणी जोडणी करायची नाही. आधी डावीकडची पिन, मग उजवीकडची, मग वरची. प्रत्येक पिनला किलिप. आता शाफ्ट. हा असा आत सारायचा. खट्ट आवाज आला पाहिजे. आला? मग ओढून बघायचा, निघत नाही ना. आणि हे बघा."

त्यानं शाफ्टवर हात ठेवला. मी इतका वेळ खाली बघत होते, मान वर केली. तो दांडा काळा नव्हता. तो दिसतच नव्हता. त्याच्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पिवळ्या प्लास्टिकची नळी होती.

"ह्या कव्हरच्या दोन साखळ्या अशा अडकवायच्या. म्हणजे आतला शाफ्ट फिरतो, कव्हर जागच्या जागी ऱ्हातंय. ग्रीस मारायला आड येतं म्हणून लोक हे काढून फेकतात. काढायचं नाही. काही झालं तरी काढायचं नाही. आणि रोटर चालू करताना मागं वळून बघायचं. माणूस लांब गेला, दिसला, तरच दांडा ओढायचा."

मी पुढं गेले. का गेले ते मलाही कळलं नाही. डाव्या हातानं ती पिवळी नळी धरून बघितली. गुळगुळीत होती.

"हे नसलं तर काय होतं?" मी विचारलं.

"काय होतं? सदरा, पंचा, पदर, काहीपण..." तो सांगत होता आणि सांगता सांगता त्याची नजर माझ्या उजव्या बाहीवर गेली. बाही कोपरापाशी पिन लावून बंद केलेली होती. तो थांबला. त्रिशलानं माझ्या पाठीवर हात ठेवला.

"मुद्दाम नाही बोललो, ताई," तो म्हणाला.

"कळलं," मी म्हणाले. "बरं झालं बोललात."

सुकुमार रानातून आला तेव्हा मी परड्यात होते. त्याला हातपाय धुवायला पाणी दिलं आणि विचारलं, "आपल्या रोटरच्या शाफ्टला पिवळं कव्हर होतं काय?"

त्यानं तोंडावर पाणी मारलं. पुन्हा मारलं. पुसायला मात्र हात पुढं केला नाही.

"अहो, विचारतेय मी."

"होतं," तो म्हणाला.

"मग?"

"दादानं काढून ठेवलं. आणला त्याच हंगामात. ग्रीस मारायला तरास व्हायचा. कुणाला वाटलं होतं..."

"कुठं हाय ते?"

"शेडात. आढ्याला बांधलंय."

"तुम्हाला ठाऊक होतं? दवाखान्यात, आप्पा हात जोडत होते तेव्हा ठाऊक होतं?"

तो खाली बसला. ओल्या तोंडानं तसाच धुण्याच्या दगडावर बसला. "मी सांगणार होतो. पण दादाचं तोंड बघून... त्यानं मला वाढवलंय, राजमती. सगळी पदराचं बोलत होती, तूही तेच बोलायला लागलीस. मग वाटलं, आता बोलून हात थोडाच परत येणार हाय? नुसता दादा गावातनं उठायचा."

"आणि मी?"

तो पायावरचं पाणी हातानं निपटत राहिला.

"हातोडी काढायला मला कुणी बोलवलं, ते तरी सांगितलंत कुणाला?"

"कुणी बोलवलं?" त्यानं मान वर केली. हे त्याला खरंच माहीत नव्हतं. तो पाणी आणायला गेला होता. मी त्याला सांगितलं. मग दोन्ही हातांत तोंड झाकून म्हणाला, "उद्यापासनं पर्व लागतंय. दादा दहा दिवसांचा उपास धरतोय. पर्व होऊ दे. मग काय बोलायचं ते बोल. मी आड येणार नाही."

मी पर्व होऊ दिलं.

ते दिवस मी कसे काढले ते सांगता येणार नाही. दादा एक वेळ उकळलेलं पाणी घ्यायचे, बाकी काही नाही. सकाळी बस्तीत पूजा, दुपारी शास्त्रवाचन, संध्याकाळी पुन्हा बस्ती. पाचव्या-सहाव्या दिवशी त्यांना धरून न्यावं लागायला लागलं. गावातली माणसं वाटेत थांबून त्यांच्या पाया पडायची. पूर्वी मी हे बघून स्वतःला कोसत राहिले असते. आता मी बघत होते, हा माणूस स्वतःला वाळवतोय, पण तोंड उघडत नाही. कधी चीड यायची. कधी त्यांची हाडं निघालेली पाठ बघून ती चीड टिकायची नाही. एकदा दुपारी ते सोप्यात झोपले होते, माशी तोंडावर बसत होती, आणि मी नकळत पदरानं वारा घालायला लागले. मग माझं मलाच नवल वाटून बाजूला झाले.

अनंत चतुर्दशी झाली. दुसऱ्या दिवशी पारणं. बस्तीपासून वाजंत्री लावून दादांना घरी आणलं. अंगण माणसांनी भरलं होतं. पाटावर बसवून त्यांना ओवाळलं. आत्तींनी मुगाच्या पाण्याची वाटी आणली, तर दादांनी हात हलवून त्यांना थांबवलं.

आवाज इतका बारीक झाला होता, की वाजंत्री थांबवावी लागली.

"राजमतीच्या हातानं घेणार," ते म्हणाले.

अंगणात हळहळीची लाट गेली. कुणी डोळे पुसले. आत्तींनी वाटी माझ्या डाव्या हातात दिली. "जा बाई, भाग्याची हायस."

मी त्यांच्यासमोर बसले. कितीतरी दिवसांनी दादा माझ्याकडं बघत होते. डोळे खोल गेलेले. त्यांना वाटत असावं, माझ्या हातचं पाणी पोटात गेलं की सगळं फिटेल. न बोलताच फिटेल. त्यांनी ओंजळ पुढं केली.

मी वाटी कलती केली नाही.

"दादा," मी विचारलं, "पिवळं कव्हर कुठाय?"

अंगणातल्या कुणालाच काही कळलं नाही. सुकुमारला कळलं. तो दारात होता, तिथंच भिंतीला टेकला.

"अगं काय विचारतेस?" आत्ती म्हणाल्या. "उपाशी हाय तो! पाणी घाल आधी!"

दादांनी ओंजळ सोडली. पाटाच्या कडेला हात टेकून उठायला बघितलं, उठता येईना. सुकुमार पुढं झाला, त्याला त्यांनी बाजूला केलं. विमलवहिनींचा हातही घेतला नाही. भिंतीला धरून, मग गोठ्याच्या खांबाला धरून ते शेडपर्यंत गेले. माणसं वाट देत होती आणि एकमेकांकडं बघत होती. आतून काहीतरी पडल्याचा आवाज आला. परत आले तेव्हा त्यांच्या हातात धुळीनं माखलेली पिवळी नळी होती, तिच्या साखळ्या खाली लोंबत होत्या.

ती त्यांनी माझ्यापुढं ठेवली. मग माणसांकडं तोंड करून बोलले. खोकत, थांबत, पण सगळं बोलले.

"हे शाफ्टवर बसवायचं असतंय. माणूस अडकू नये म्हणून. हे मी काढलं. माझ्या हातानं. हातोडी काढ म्हणून हिला मीच बोलवलं, आणि मागं न बघता मीच रोटर चालू केला. हिच्या पदराचा काही दोष नव्हता. तुम्ही सगळी पदराचं बोलत होता तेव्हा मी गप्प ऱ्हायलो. मला ते सोयीचं पडलं." मग माझ्याकडं वळले. "आता पाणी द्यायचं तर दे. नाहीतर नको देऊस."

आत्तींनी तोंडाला पदर लावला होता. मला वाटलं होतं, हे ऐकलं की माझ्या मनाला थंडावा मिळेल. तसं काही झालं नाही. समोर एक म्हातारा दिसणारा माणूस उभा होता, पन्नाशीही न गाठलेला, आणि त्याला उभं राहवत नव्हतं.

"बसा," मी म्हणाले. "ओंजळ करा."

ते प्याले. निम्मं पाणी हनुवटीवरून खाली गेलं. पिऊन झाल्यावर त्यांनी हात जोडले, पर्व संपल्यावर क्षमावाणीला एकमेकांची माफी मागताना जोडतात तसे. ते काही बोलायच्या आत मी म्हणाले, "माझं नंतर बघू. आधी माझ्या आप्पांकडं जायचं. तुम्ही दोघा भावांनी."

दादांना अंगात जरा बळ यायची वाट बघितली आणि मग गेलो. निघायच्या दिवशी सकाळी दादांनी ट्रॅक्टर बंद करून चावी माझ्या हातात दिली आणि ते कव्हर धुऊन शाफ्टवर चढवलं, साखळ्या अडकवल्या. पुढं तो ट्रॅक्टर विकेपर्यंत ते कधी निघालं नाही. एसटीत आम्ही तिघं होतो. सुकुमार माझ्या शेजारी बसला, पण आम्ही बोललो नाही. त्याच्याशी माझं पहिल्यासारखं बोलणं सुरू व्हायला पुढं फार काळ गेला. दादांची चूक मला समजत होती. त्याचं गप्प राहणं समजून घ्यायला जास्त वेळ लागला.

आप्पांनी आम्हाला बघितलं आणि त्यांची धांदल उडाली. जावयाचे थोरले भाऊ दारात आले म्हणून जमखाना अंथरला, पाणी आणलं, माझ्या भावाला केळी आणायला पिटाळलं. दादा बसले नाहीत. उभ्यानंच त्यांनी अंगणात बोललेलं सगळं पुन्हा सांगितलं. इथं ते सांगणं जास्त अवघड गेलं त्यांना. दोनदा थांबले.

आप्पांनी ऐकून घेतलं. मग शांतपणे विचारलं, "मी दवाखान्यात हात जोडले, तेव्हा तुम्हाला हे ठाऊक होतं?"

"होतं," दादा म्हणाले.

"जावईबापू, तुम्हाला?"

"अर्धं ठाऊक होतं," सुकुमार म्हणाला. "पण गप्प बसायला नको होतं, एवढं ठाऊक होतं."

आप्पांनी जमखान्याची सुरकुती हातानं सरळ केली. मला भीती वाटली, की आता ते मोठ्यानं बोलतील, आयुष्यात पहिल्यांदा बोलतील. दादाही त्याचीच वाट बघत उभे होते. पण आप्पा त्यांच्याकडं वळलेच नाहीत. ते उठले आणि माझ्यासमोर येऊन बसले, खाली, फरशीवर.

"राजमती," ते म्हणाले, "मी सगळ्यांसमोर तुला वेंधळी म्हटलं. तुझ्या वतीनं माफी मागितली. पण तुला एकदा तरी विचारलं काय गं, काय झालं म्हणून?"

मी आठवायला लागले. दवाखान्यात नाही. घरी भेटायला आले तेव्हा नाही. मी मान हलवली.

"माझ्या पोटची तू," आप्पा म्हणाले. त्यांचे हात वर यायला लागले, तसेच, जोडायला, आणि मी ते पकडून खाली दाबून धरले. "आता विचारतो. सांग. कसं झालं?"

आप्पांच्या हातांवरचा हात न काढता मी सांगायला लागले. सकाळपासूनचं सगळं, माझ्या बाजूनं, पहिल्यापासून. सांगायला तसं फार नव्हतं, तरी बराच वेळ लागला. तोवर मला ते कुणी विचारलंच नव्हतं. दादा आणि सुकुमार भिंतीपाशी उभे राहून ऐकत होते, आणि माझं सांगून होईपर्यंत दोघांपैकी कुणी बसलं नाही.